खुब्यामागची छिद्रं

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणाला कुजबुजायला नको: मला धाकटीचा हेवा वाटतो. आजचा नाही, चांगला अकरा वर्षांचा जुना. ती माझी जाऊ. ती माझ्याच संस्थेत, माझ्याच मजल्यावर काम करते, आणि दोन्ही ठिकाणी तिला आणून बसवणारी मीच. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाच, तर तो मी चांगला जड बघून निवडला.

ती आमच्याकडे शिकाऊ म्हणून आली तेव्हा तिला सुई धड धरता येत नव्हती. माझं काम पिठ्या ढेकणांचं. झाडाच्या फांदीवर, पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, ते हे. रस शोषून शोषून झाड वाळवतात. नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. कोणता कुठला हे ओळखायचं तर मादीला कॉस्टिकमध्ये तापवून आतलं सगळं धुऊन काढायचं, उरलेली कातडी गुलाबी रंगवून काचेच्या स्लाइडवर सुईने पसरायची, आणि मायक्रोस्कोपखाली तिच्या अंगावरची छिद्रं मोजायची. हे सगळं धाकटीला मी हाताला धरून शिकवलं. एका रविवारी चांगुलपणा करायला गेले आणि तिला घरी जेवायला नेलं. समोर माझा दीर बसला होता. त्याने तिला पाणी हवंय का म्हणून तीनदा विचारलं. स्वतःच्या आईला त्याने जन्मात कधी विचारलं नव्हतं. पुढचं सांगायला नको.

लग्न होऊन ती वरच्या मजल्यावर राहायला आली आणि घरातली हवाच फिरली. सासूबाईंनी पंधरा वर्षं माझ्या स्वयंपाकाला ‘बरं झालंय’ यापलीकडे शब्द खर्च केला नव्हता. धाकटीने नुसतं पाणी उकळलं तरी ‘हिच्या हाताला काय चव आहे गं!’ कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणायचा, “तुला काय फरक पडतो?” उत्तरपत्रिकांवरून मान वर न करता म्हणायचा. मला फरक पडत होता.

घरचं एक वेळ सोसलं असतं. कारण संस्थेत माझ्याकडे एक गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. माझ्या नावाची प्रजाती.

बावीस वर्षांपूर्वी एका उंचावरच्या, गारठलेल्या बागेत, नासपतीच्या झाडावर मला एक पिठ्या सापडला. दिसायला जुन्या, सगळीकडे भेटणाऱ्या प्रजातीसारखाच. पण पुढच्या पायाच्या खुब्यामागे चकतीच्या आकाराची बारीक छिद्रं असतात. जुन्या प्रजातीत ती सहाच्या वर जात नाहीत. माझ्या पिठ्यात नऊ, दहा, अकरा निघाली. मी एकशे चाळीस माद्या मोजल्या आणि ही प्रजाती वेगळी आहे असं जाहीर केलं. आमच्यात पद्धत अशी की प्रजातीच्या नावामागे ती जाहीर करणाऱ्याचं आडनाव कायमचं लागतं. माणूस मेला तरी ते निघत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत माझं असं एकदाच झालं. पुढे बंदरावरच्या तपासनिसांच्या मनाई यादीत तिचं नाव चढलं आणि तिच्यापायी फळांच्या पेट्या अडायला लागल्या. बागवाले शिव्या घालत असतील, मला मात्र गुदगुल्या व्हायच्या.

आमच्या धंद्यात दोन पक्ष असतात, फोडणारे आणि जोडणारे. फोडणाऱ्यांना एका प्रजातीत तीन दिसतात, जोडणाऱ्यांना तिन्हींत एकच. दोघं एकमेकांना नियतकालिकांतून इतक्या सभ्य भाषेत फाडून खातात की बाहेरच्याला वाटावं कौतुक चाललंय. माझ्या प्रजातीवर तेव्हा एका म्हाताऱ्या जोडणाऱ्याने लिहिलं होतं, ‘लेखिकेची नजर तीक्ष्ण आहे, गरजेपेक्षा थोडी जास्तच.’ टोमणा होता. पण मी ते वाक्य कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. नजरेबद्दल तर शत्रूलाही शंका नव्हती ना!

तर मागच्या वर्षी एकदा जेवताना धाकटीने विचारलं, “ताई, तुम्ही त्या नासपतीच्या बागेत गेलात तेव्हा थंडी होती का हो?”

“होती. बोटं वळत नव्हती.”

“मग तापमान कुठे लिहून ठेवलंय?”

“मी किडे आणायला गेले होते, हवामान सांगायला नाही,” मी म्हणाले. दीर हसला. धाकटीही हसली, पण तिने घास तसाच हातात धरून ठेवला होता. ती विचार करायला लागली की तिचं जेवण थांबतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून माझंही थांबलं.

ती म्हणाली, “तपासनीस सांगत होते, एकाच बागेच्या पेट्या थंडीत अडतात आणि उन्हाळ्यात सुटतात. तुमची प्रजाती उन्हाळ्यात सापडतच नाही. जाते कुठे?”

पंधरा दिवसांत तिने दोन कपाटं लावली, एक गरम, एक थंड. तीन माद्या माझ्या नासपतीच्या बागेतून आणल्या, तीन काचघरातून, जुन्या प्रजातीच्या. प्रत्येकीची पिल्लं निम्मी गरम कपाटात वाढवली, निम्मी थंड. प्रश्न इतका साधा की शाळेतल्या पोरालाही कळावा. छिद्रं किती हे आई ठरवते की हवा? पोरी आईवर गेल्या तर माझी प्रजाती खरी. पोरी कपाटावर गेल्या तर माझी प्रजाती म्हणजे नुसती थंडी वाजलेली जुनी प्रजाती. मग तिचं नाव रद्द, जुन्या नावात जमा, आणि माझं आडनाव छापील यादीत कंसात, बारीक अक्षरात.

घरी ही बातमी पोहोचली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “दोघींचं आडनाव एकच ना? मग ठेवणारीही आपलीच, काढणारीही आपलीच. भांडता कशाला?”

संचालकांनी अट घातली की वाढवणारा आणि मोजणारा वेगळा हवा. स्लाइडवर फक्त नंबर असतील, कुठला नंबर कुणाची पोर आणि कुठल्या कपाटातली हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. बैठकीत धाकटी म्हणाली, “ताईंनीच मोजावं.”

संचालक खाकरले. “पण प्रजाती त्यांचीच आहे.”

“म्हणूनच, सर. त्यांनी मोजलेल्यावर कुणी बोट ठेवणार नाही. त्यांच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची आहे?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही सुखावल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी तिचा रागही आला. माझी प्रजाती पुसायची आणि तीही माझ्याच नजरेने! वर हे मोठेपण तिचंच दिसणार.

शुक्रवारी साठ स्लाइडचा ट्रे आला. पहिल्या दिवशी मी पंधरा मोजल्या, अगदी प्रामाणिकपणे. पाच, दहा, अकरा, चार. निम्म्या जुन्यासारख्या, निम्म्या माझ्यासारख्या. त्यावरून काहीच कळत नव्हतं. ती बरोबर असली तरी निम्मे-निम्मेच निघणार होते, मी बरोबर असले तरी. सगळं त्या नंबरांच्या यादीवर होतं, आणि यादी धाकटीच्या वहीत होती.

रविवारी सकाळी मी वर गेले, सासूबाईंची औषधं द्यायला. धाकटी त्यांना आंघोळ घालत होती. टेबलावर वर्तमानपत्राखालून वहीचा कोपरा दिसला. मी वर्तमानपत्र उचललं. साठ नंबर, प्रत्येकापुढे आई कोणती ते सांगणारं एक अक्षर, आणि गरम कपाटाला लाल, थंडाला निळा ठिपका. आतून सासूबाई म्हणत होत्या, “अगं, कानामागे साबण राहिला,” आणि धाकटी हसत होती. त्या दोघींचं हसणं संपायच्या आत यादी माझी पाठ झाली. आमच्या धंद्यात पाठांतर लागतंच.

खाली येऊन जिन्यात उभी राहिले. शुक्रवारी मोजलेले पंधरा आकडे यादीवर बसवून पाहिले. लाल ठिपका, पाच. निळा ठिपका, दहा. आई कुणी का असेना. पंधराच्या पंधरा.

धाकटी बरोबर होती. बावीस वर्षं मी जे मोजत होते ती थंडी होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. शास्त्रज्ञ बाईने अशा वेळी सत्याला नमस्कार वगैरे करायचा असतो. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हे हिला कसं सुचलं आणि मला का नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसले. साधी दोन कपाटं. तेवढंच तर लागलं तिला.

सोमवारी मी कागद बदलला. तीस स्लाइड जशाच्या तशा लिहिल्या, कारण त्या माझ्या बाजूने बोलत होत्या: माझ्या बागेच्या, थंड कपाटातल्या, आणि काचघरातल्या, गरम कपाटातल्या. उरलेल्या तीस फिरवल्या. जिथे पाच होते तिथे दहा, जिथे अकरा होते तिथे सहा. सगळ्या पोरींना मी आपापल्या आईवर घातलं. प्रत्येक स्लाइड आधी नीट मोजली, मग खोटा आकडा लिहिला. न मोजता लिहायला हात धजेना.

कागद गेला. दोन दिवसांनी रात्री जेवायच्या वेळी धाकटी खाली आमच्याकडे आली. डोळे सुजलेले होते. सगळ्यांसमोर म्हणाली, “ताई, तुमचंच खरं होतं. आईच ठरवते. मी उगाच सहा महिने घालवले.”

“मोठी ती मोठीच,” सासूबाई म्हणाल्या. माझ्याबद्दल म्हणाल्या! पंधरा अधिक अकरा, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याने उत्तरपत्रिकांवरून मान वर केली. त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.

पण ते अंगी लागलं नाही. समोर ती भात चिवडत बसली होती, आणि सगळ्या जगात एकट्या मला माहीत होतं की ती जिंकली आहे. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. इतका सुंदर शोध लागलेला, आणि तो माझा नाही. तिच्या हरण्याचासुद्धा मला हेवा वाटत होता; असली माझी जात.

आठ दिवसांनी तिने आणखी एक ट्रे पाठवला, बारा स्लाइडचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘या राहिल्या होत्या.’ नंबर नवे होते आणि यादी मला ठाऊक नव्हती. खोटं लिहायचं तरी आधी कुठली कुणाची पोर ते माहीत लागतं. साठांपुढे बारांचं काय, म्हणून मी त्या सरळ मोजल्या. खरं सांगायचं तर फार दिवसांनी मजा आली. डाव्या बाजूची मोजायची, उजवीकडची ताडून बघायची, लिहायची, पुढची घ्यायची. कुणावर जळायला त्यात फुरसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. खोलीत धाकटी आधीच बसली होती, हात मांडीवर, मान खाली. टेबलावर माझे दोन कागद शेजारी शेजारी होते.

“बसा,” संचालक म्हणाले. फार मऊ आवाजात. “मोजणीत आपण नेहमी एक खबरदारी घेतो, तुम्हाला माहीतच आहे. काही स्लाइड नव्या नंबराने परत मोजायला देतो.”

मला माहीत होतं! ही पद्धत या संस्थेत सुरू करणारी मी. शिकाऊंना मीच सांगायची की मोजणाऱ्याला दोनदा मोजायला लावा आणि सांगू नका. धाकटीलाही मीच सांगितलं होतं. जळफळाटात तेवढंच डोक्यातून गेलं होतं.

“बारापैकी सहा अगदी तंतोतंत जुळतात,” संचालक म्हणाले, “आणि सहांत मात्र... एकदा दहा, एकदा पाच. एकदा सहा, एकदा अकरा. पाच-सहाचा फरक म्हणजे जरा...”

“सर, ताईंच्या डोळ्यांतून महिनाभर पाणी येतंय,” धाकटी म्हणाली. “घरीही म्हणत होत्या. मीच ऐकलं नाही, साठ स्लाइड गळ्यात मारल्या. चूक माझी आहे.”

माझ्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. घरी मी असं काहीही म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. सहा जुळतात, सहा जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या सहाही त्याच, ज्या जुळल्या तर माझी प्रजाती जाते. थकलेले डोळे अशी निवड करत नाहीत. हे तिला कळलं नसेल? ती मूर्ख असती तर मी इतकी वर्षं तिच्यावर जळले कशाला असते! तिला सगळं कळलं होतं, आणि ती मला वाचवत होती. जिच्या हातात सुई मीच दिली, ती मला पदराखाली घेत होती.

संचालकांना हायसं वाटलेलं दिसलं. “वय कुणाला चुकलंय? मला स्वतःला आता बारीक अक्षर दिसत नाही. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. ही मोजणी आपण बाहेर पाठवू. तोवर तुम्ही संग्रहातल्या स्लाइडच्या लेबलांकडे बघा. तिथेही अनुभवी माणूस लागतोच.”

लेबलांकडे! एका क्षणात मला पुढचं सगळं दिसलं. मजल्यावर सगळे हळू बोलणार. ‘बिचाऱ्या, नजर गेली हो.’ धाकटी जिन्यात माझा हात धरणार. सासूबाई दीराला सांगणार, मोठीला दिसत नाही, तिला कमी काम लावा. कुणीही रागावणार नव्हतं. ‘हो, पाणी येतं खरं’, एवढं म्हटलं की मी सुटत होते. नोकरी राहणार होती, अब्रू राहणार होती. बाहेरची मोजणी यायला चार महिने लागले असते, तेवढे दिवस प्रजातीही राहणार होती.

“माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही,” मी म्हणाले.

“ताई, राहू द्या,” धाकटी हळूच म्हणाली.

“तू गप्प बस. सर, डोळे चुकलेले नाहीत. मी खोटं लिहिलंय. हिची वही बघितली आणि मुद्दाम लिहिलंय. सहा नाही, तीस.”

संचालकांनी उघड्या दाराकडे बघितलं. माणसाने गुन्हा कबूल करताना जरा तरी खालच्या आवाजात बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

“लिहून घे,” मी धाकटीला म्हणाले. “नंबर तीन. मी दहा लिहिलेत, आहेत पाच. नंबर सात. सहा लिहिलेत, अकरा आहेत. नंबर आठ. नऊ लिहिलेत, चार आहेत. उजवीकडचं शेवटचं छिद्र घडीत गेलंय, कात्री लावल्यासारखं अर्धं दिसतं, ते धरून चार.”

मग तिने पेनाचं टोपण काढलं. मी कागद हातात न घेता तिसाच्या तीस सांगितल्या. मोजलेलं मी विसरत नाही. माझा आवाज चढत गेला असावा, कारण बाराव्या-तेराव्या नंबराला संचालकांनी उठून दार लावून घेतलं. प्रत्येक आकड्यासरशी माझी प्रजाती थोडी थोडी मरत होती, हे मला समजत नव्हतं असं नाही. पण थांबता येईना. मधेच थांबले असते तर त्यांना वाटलं असतं, पुढचं आठवत नाही.

“आता ताडून बघा,” मी म्हणाले. “एक जरी चुकला तर डोळे तपासून घेईन.”

“आत्ता त्याची गरज...” संचालक म्हणाले.

“आत्ताच.”

धाकटीने दुपारभर माझ्या टेबलावर, माझ्या मायक्रोस्कोपवर बसून तीस स्लाइड मोजल्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होते आणि संचालक दारापाशी उभे होते, जावं की थांबावं हे न कळून. ती सावकाश मोजते. पण बरोबर मोजते, मीच शिकवलंय. शेवटची स्लाइड काढून ठेवून ती माझ्याकडे वळली.

“तीसच्या तीस बरोबर आहेत, ताई,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी रडले नाही. मी संचालकांकडे बघितलं, त्यांना नीट ऐकू गेलं की नाही ते बघायला.